ठेवायचं की पाठवायचं: तालुक्याच्या गावी नव्याने बसणाऱ्या फिजिशियनसाठी

एमडी मेडिसिन झाल्यावर बऱ्याच जणांना दोनच रस्ते दिसतात: डीएमची (सुपरस्पेशालिटी पदवीची) सीट, नाहीतर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी. तिसरा रस्ता तालुक्याच्या गावाकडे जातो. तो घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, किंवा घरच्या जबाबदारीमुळे ज्यांना परत जायचंच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अजून एमबीबीएस करत असाल तरी वाचा, कारण यातली निम्मी तयारी रेसिडेन्सीतच करून ठेवावी लागते.

तालुक्यात फिजिशियन म्हणजे 'मोठे डॉक्टर'. हृदय, मेंदू, किडनी, फुफ्फुस, शुगर, ताप, साप, विषबाधा, सगळं त्यांच्याच दारात येतं. आणि दिवसातून कितीदा तरी एकच प्रश्न समोर उभा राहतो: हा पेशंट इथे ठेवायचा की पुढे पाठवायचा? ज्याला हे वेळेवर ठरवता येतं त्याच्यावर गाव विश्वास टाकतं. पुढे जे काही सांगतोय, ते सगळं फिरून याच प्रश्नाशी येतं.

आधी रेसिडेन्सी

साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी, मग तीन वर्षांची एमडी. हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो. सरकारी कॉलेजात शिकलात तर बॉण्डची सेवाही असते. प्रवेशाच्या वेळी तो कागद नीट वाचून घ्या. सीट निवडताना नुसतं कॉलेजचं नाव बघू नका. केईएम, जेजे, ससून, नागपूरचं जीएमसी इथे गर्दी आणि दुर्मीळ केसेस दोन्ही बघायला मिळतात. पण ज्याला पुढे गावातच बसायचंय त्याने अंबाजोगाई, मिरज, सेवाग्राम अशा ठिकाणांचाही गंभीरपणे विचार करावा. तिथे येणारा पेशंट आणि तुमच्या ओपीडीत उद्या येणारा पेशंट यांत फारसा फरक नसतो.

रेसिडेन्सीत इमर्जन्सीचा दिवस टाळणारा रेसिडेंट तालुक्यात फार अडतो. इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं), पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, छातीतलं पाणी काढणं, व्हेंटिलेटर लावणं आणि काढणं, हे हाताला बसलंच पाहिजे. पुढे दुसरा कुणी करणारा नसतो. स्लाइडवर मलेरिया बघायला शिका. डोळ्याचा पडदा बघायला शिका. लेक्चरर राऊंडला असताना त्यांच्या आधी आपला अंदाज मनात ठरवायचा आणि मग त्यांचं ऐकायचं, ही सवय लावून घ्या. एकट्याने ठरवण्याची तालीम तिथेच होते.

आता एमडीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बरेच जण हा काळ अभ्यासाच्या सुट्टीसारखा वापरतात. माझ्या मते तीन वर्षांतले हे सगळ्यात कामाचे महिने. तिथे सीटी कधी बंद असतो, एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन-आम्लाची तपासणी) होत नाही, सुपरस्पेशालिस्ट फोनवरही मिळत नाही, आणि पेशंट मात्र तितकाच सिरियस असतो.

एमडी झाल्या झाल्या स्वतःचं हॉस्पिटल टाकू नका. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात वर्ष-दोन वर्षं ज्युनिअर कन्सल्टंट म्हणून काढा. रेसिडेंटच्या पाठीशी पूर्ण युनिट असतं. कन्सल्टंट झाल्यावर पहाटे तीन वाजता सिस्टरचा फोन आला की उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. शिवाय बिल कसं होतं, नातेवाइकांशी कोण आणि कधी बोलतं, मेडिक्लेमचे कागद कसे जातात, हे कोणत्याही मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत.

मग गाव

'पेशंट किती मिळतील' हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: या गावातून जवळची कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती जागा) किती मिनिटांवर? सीटी स्कॅन किती मिनिटांवर? ब्लड बँक कुठे? हे नकाशावर बघून चालत नाही. जुलैच्या पावसात, रात्री, स्वतः गाडी चालवत तो रस्ता एकदा कापा. मध्ये घाट असेल, पुलावर पाणी येत असेल, तर तुमचं 'पाठवायचं' हे उत्तर वर्षातले काही दिवस बंदच असणार, आणि तेवढी जास्तीची तयारी इथे करावी लागणार.

दुसरं, गावात सोबतीला कोण आहे ते बघा. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आणि पोटॅशियम फार वाढलेलं दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता फोन करणारा लॅबवाला. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तिथे आधीपासून फिजिशियन असतील तर पाटी लावण्याआधी त्यांच्या घरी जाऊन या. पुढची कित्येक वर्षं तुम्ही एकमेकांच्या रजा सांभाळणार आहात.

तिसरं, शेती. कापूस-सोयाबीनचा पट्टा असेल तर फवारणीच्या दिवसांत विषबाधा येणार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते विसरू नका. भाताचा पट्टा असेल तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप. कोकणात फुरसं आणि लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला तो तालुक्याच्या गावात बसूनच, आणि ते काम 'लॅन्सेट'सारख्या मासिकात छापून आलं. गावात बसलं की वैद्यकशास्त्र मागे पडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

घरातल्यांनाही विचारा. नवरा किंवा बायकोचं काम, मुलांची शाळा. हे न ठरवता गेलेले चांगले डॉक्टर दोन-तीन वर्षांत परत फिरलेले मी पाहिलेत.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण पाटी लावण्याआधी उरकायचं. एमडीची पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जोडून घ्या. नुसत्या एमबीबीएसच्या नोंदणीवर 'फिजिशियन' लिहू नका. खाटा ठेवणार असाल तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार. पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांत काय जातं हे मावशींना पहिल्याच दिवशी शिकवा. आगीसंबंधी व्यवस्था. व्यवसाय कर. इन्डेम्निटी विमा.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो, कारण नवे फिजिशियन इथेच अडकतात. टूडी इको किंवा खिशातलं पोर्टेबल अल्ट्रासाउंड घेतलं तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय ते दवाखान्यात आणूसुद्धा नका. 'मी तर फक्त हृदय बघतो' हा बचाव चालत नाही.

जागा, यंत्रं, माणसं

जागा भाड्याची घ्या, तळमजल्यावर घ्या, आणि दारापर्यंत जीप येईल अशी घ्या. खाटेवरून उचलून आणलेला माणूस दोन जिने चढवताना जी पाच मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. सुरुवातीला डोक्यावर मोठं कर्ज घेऊ नका. हप्ता भरायचा असला की 'ठेवायचं की पाठवायचं' याचं उत्तर बँक ठरवू लागते. रिकामी खाट दिसते आणि पाठवायला हवा असा पेशंट ठेवला जातो. नव्या डॉक्टरची प्रॅक्टिस मोडण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

यंत्रांचा क्रम माझ्या मते असा: ईसीजी, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि त्यांची पाना-चावी जागेवर, सक्शन, अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) आणि लॅरिंगोस्कोप, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, सिरिंज पंप. वेटिंग हॉलचा एसी डिफिब्रिलेटरनंतर. वीज जाते हे धरूनच चाला, इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून हवा. औषधांत सर्पविषविरोधी लस, अट्रोपिन, अ‍ॅड्रेनॅलिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज आणि गुठळी विरघळवणारं एक तरी इंजेक्शन हाताशी असलंच पाहिजे. हे इंजेक्शन महाग असतं आणि एक्सपायर होतं. शेजारच्या मेडिकलशी बोलून ठेवा की एक व्हायल कायम राहील आणि रात्रीसुद्धा मिळेल.

माणसांत सगळ्यात आधी तयार करायचा तो काउंटरवरचा माणूस. नंबर लावताना त्याच्या कानावर काही शब्द पडले की त्याने नंबर विसरायचा: छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, साप चावलाय, औषध पिलंय, शुद्ध नाही. हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि प्रत्येक सिस्टरला ईसीजी काढता आलाच पाहिजे. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत तुमच्या हातात, हा नियम बाजाराच्या दिवशीही मोडायचा नाही.

ओपीडी

नव्या पेशंटला पहिलं वाक्य सांगा: 'पिशवी ओता.' जवळजवळ प्रत्येकाकडे एक प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात चालू-बंद सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. टेबलावर ओतल्या की निम्मं निदान समोर पडतं. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांचं, आणि बाई दोन्ही घेतायत. म्हणून उठलं की गरगरतं. मेडिकलमधून स्वतःच आणलेली गुडघेदुखीची गोळी रोज, त्यावर बीपीची गोळी, आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं. कुठल्याशा पुडीतल्या, नाव नसलेल्या छोट्या पांढऱ्या गोळ्या, 'यानं सांधे मस्त राहतात हो'. गोल झालेला चेहरा आणि कातडीवरचे निळे डाग बघा; ती बहुधा स्टेरॉइड असते. ती एकदम बंद करायला सांगू नका, माणूस कोसळतो. हळूहळू उतरवा.

पेशंटचे शब्द जसे येतात तसे ऐका. 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' असं म्हणणाऱ्या दहा जणांत बहुतेकांना प्लेटलेट म्हणायचं असतं. 'गॅस छातीत चढला' याचा अर्थ ईसीजी होईपर्यंत हार्ट अटॅकच समजायचा. 'हातापायाची आग होते' म्हटलं की मोजे-चप्पल काढून पाय बघा. शुगरच्या पेशंटचे तळवे हातात घेऊन न बघणारा डॉक्टर अर्धीच तपासणी करतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं सांगणारा माणूस तुम्हाला रिपोर्टपेक्षा जास्त सांगून गेला.

उपासाबद्दल प्रत्येक शुगरवाल्याला विचारा. चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, रमजान. गोळी नेहमीची, जेवण बंद, आणि संध्याकाळी माणूस घामाघूम, असंबद्ध बोलतोय. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शिरेतून ग्लुकोज देऊन शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच घरी सोडू नका. गोळीचा अंमल चालूच असतो, काही तासांनी शुगर पुन्हा खाली येते, आणि तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात. ठेवा, रात्रभर दर थोड्या वेळाने शुगर बघा. किडनी कमजोर असेल तर आणखी जास्त वेळ. उपास करू नका असं दटावून काही होत नाही. उपासाच्या दिवशी कोणती गोळी गाळायची आणि कोणती अर्धी करायची, ते चिठ्ठीवर लिहून द्या.

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासा, आणि रिपोर्ट यायच्या आत लिवोफ्लॉक्सासिन देऊ नका. टीबी झाकला जातो. सरकारी केंद्रात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीची तपासणी फुकट होते. टीबी निघाला तर निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. त्या नोंदीमुळे पेशंटला औषधं आणि पोषणाची मदत मिळते, म्हणून ती टाळणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं आहे.

'बाटली लावा' हा आग्रह रोज होईल. गरज नसेल तर लावू नका. पहिले सहा महिने काही पेशंट नाराज होऊन शेजारी जातील. त्यांना बसवून सांगा की तोंडाने पाणी जातंय तोवर शिरेतून द्यायची गरज नाही. त्यातले बरेच परत येतात.

ठेवायचं की पाठवायचं

आता मुख्य गोष्ट. काही नेहमीच्या प्रसंगांत मी कसं ठरवतो ते सांगतो.

हार्ट अटॅक. ईसीजीत एसटी वर गेलेला दिसला, आणि कॅथलॅबमध्ये पोचून अँजिओप्लास्टी होईपर्यंत दोन तासांच्या आत काम होणार असेल, तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देऊन, फोन करून, लगेच पाठवा. तालुक्यातून ते क्वचितच जमतं. नसेल जमत आणि दुखायला लागून बारा तास झाले नसतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच द्या आणि मग पाठवा. 'पुढे गेल्यावर देतील' असं म्हणत न देता गाडीत घालणं हे हृदयाचे स्नायू रस्त्यावर सांडणं आहे. त्याआधी दोन मिनिटं विचारा: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे पक्षाघात किंवा ऑपरेशन, कुठून रक्त जातंय का. टेनेक्टेप्लेज हे गुठळीचं इंजेक्शन वजनानुसार द्यायचं असतं, तो तक्ता भिंतीवर लावा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा. शुगरच्या पेशंटला दुखत नाही, नुसता दम आणि घाम येतो; त्यालाही ईसीजी.

पक्षाघात. पहिल्यांदा शुगर तपासा, कमी शुगर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते. मग विचारा, 'शेवटचं चांगलं कधी पाहिलं होतं?' झोपेतून उठताना हात लुळा दिसला तर घड्याळ झोपायला गेल्यापासून धरायचं. साडेचार तासांच्या आत सीटी होऊन इंजेक्शन मिळू शकत असेल तर एक मिनिटही घालवू नका. सीटीआधी अ‍ॅस्पिरिन नाही. आणि बीपी १८० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी फोडणं थांबवा. मेंदूचा राहिलेला रक्तपुरवठाही त्याने तुटतो.

कीटकनाशक. दारातच वास येतो. बाहुल्या बारीक, तोंडातून लाळ, छातीत खरखर. कपडे काढा, अंग आणि केस साबणाने धुवा, धुणाऱ्यांच्या हातात मोजे घाला. श्वासनलिका सांभाळा. अट्रोपिन द्या आणि दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जा, छाती स्वच्छ होईपर्यंत. बाहुली मोठी झाली म्हणून थांबू नका, स्टेथोस्कोप सांगेल तेव्हा थांबा. हे सगळं तालुक्यात होतं, आणि न देता पाठवलेला पेशंट रस्त्यातच बुडतो. पण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचं भान ठेवा. बरा दिसणारा, चहा मागणारा माणूस या काळात अचानक श्वास घ्यायला थकतो. रोज प्रत्येक राऊंडला त्याला सांगा, 'उशीवरून मान उचला.' काल उचलत होता आणि आज उचलता येत नाही, तर व्हेंटिलेटर तयार करा, आणि तुमच्याकडे नसेल तर त्याच तासाला पाठवा. दम लागेपर्यंत थांबू नका. ही पोलिसांना कळवायची केस आहे, ते आल्या आल्या करा. आणि बरा झालेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवल्याशिवाय घरी सोडू नका.

साप. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालते. घोणस-फुरशासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: नवी, कोरडी, काचेची नळी, त्यात दोन मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग तिरकी करून बघा. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते. लस सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवा. घोणस चावलेल्याची लघवी तासातासाला मोजा. ती कमी झाली तर डायलिसिसच्या गावी पाठवायची वेळ झाली. मण्यारीची गोष्ट निराळी. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, चावल्याची खूण सापडत नाही, आणि तासाभरात पापण्या जड होतात. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आली तर 'वर बघा' म्हणा आणि पापण्यांकडे लक्ष द्या. लस दिली तरी श्वास थांबू शकतो, म्हणून अँबू बॅग हातात आणि सोबत इंट्युबेशन येणारा माणूस असल्याशिवाय गाडी हलवू नका.

डेंग्यू. गाव प्लेटलेटच्या आकड्याला घाबरतं. तुम्ही ताप उतरण्याच्या वेळेला घाबरा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि नेमकं तेव्हाच पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) वर जातो. त्या दिवसांत पेशंटला ठेवायचं. नुसत्या ४०,००० प्लेटलेटसाठी, रक्तस्राव नसताना, शहरात पिटाळण्याची किंवा प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. तापाला पॅरासिटामॉल; दुखण्याची दुसरी गोळी नको.

ज्याचं निदान दोन-तीन दिवसांत लागत नाही आणि जो दिवसागणिक खालावतोय, त्याला पाठवा. त्याने तुमचा मान कमी होत नाही. उशिरा पाठवलेल्याचं मात्र गाव वर्षानुवर्षं बोलतं.

चिठ्ठी आणि फोन

पाठवताना तीन ओळींची चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. काय झालं, कधी सुरू झालं, काय दिलं आणि किती वाजता दिलं, काय केलं नाही आणि का, आधीचे आजार आणि चालू गोळ्या. ईसीजीचा मूळ कागद सोबत, झेरॉक्स तुमच्याकडे. त्या कागदावरचं अक्षर काही महिन्यांत पुसट होतं. पुढच्या डॉक्टरांना स्वतः फोन करा, खाट आहे का विचारा. पेशंट महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का आणि कोणत्या हॉस्पिटलात ती चालते, याची यादी काउंटरवर हवी. नाहीतर नातेवाईक चुकीच्या दारात जाऊन पुन्हा गाडी फिरवतात. १०८ ची गाडी, खासगी अँब्युलन्स, आणि त्यातल्या कुठल्या गाडीतला ऑक्सिजन खरोखर भरलेला असतो, हे सगळं तुम्हाला पाठ हवं.

आता उलट बाजू. तुमच्याकडे पेशंट पाठवणारे आसपासच्या खेड्यांतले जीपी, बरेचसे बीएएमएस, हे तुमचे पहिले सहकारी. त्यांनी पाठवलेला पेशंट बरा झाला की उत्तराची चिठ्ठी लिहून त्यांच्याकडेच परत पाठवा. पेशंटसमोर त्यांच्या औषधांना नावं ठेवू नका; चूक दिसली तर संध्याकाळी फोनवर बोला. कुणी पाकिटाची भाषा केली तर नम्रपणे, पण पहिल्याच वेळी नाही म्हणा. कमिशन देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट निषिद्ध आहे, आणि ज्याने एकदा दिलं त्याची फी पुढे पाकीट ठरवतं. पाकिटाविना प्रॅक्टिस हळू वाढते, हे खरं. वर्ष-दीड वर्ष दम धरावा लागतो, म्हणूनच कर्ज लहान ठेवायला सांगितलं.

लिहिणं आणि बोलणं

फी दर्शनी लावा आणि केस पेपर किती दिवस चालतो तेही लिहा. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य अक्षरात लिहा. इनडोअर पेशंटचे कागद किमान तीन वर्षं जपायचे, आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात. कोर्टात तुमची आठवण कुणी विचारत नाही, तिथे कागद चालतो. प्रत्येक नोंदीखाली वेळ टाका. 'नातेवाइकांना पुढे नेण्याचा सल्ला दिला, त्यांनी नकार दिला' हे त्यांच्या सहीने, त्यांना समजेल अशा मराठीत लिहून घ्या.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून 'हृदय व श्वसन बंद पडले' असं लिहू नका. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. ते कशामुळे पडलं ते लिहा. ओळखीचं कुणी रात्री येऊन न पाहिलेल्या माणसाचा दाखला मागेल. देऊ नका, ओळख कितीही जवळची असो.

सिरियस पेशंटच्या नातेवाइकांशी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, बसून बोला. घरातला निर्णय घेणारा कोण ते पहिल्याच दिवशी शोधा. तो बऱ्याचदा पुण्यात किंवा सुरतेत असतो आणि तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरतो. त्याला पहिल्याच रात्री फोनवर घ्या. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि तो माहीत असावा, पण मी पाहिलेली बहुतेक भांडणं 'आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही' इथून सुरू झाली.

शिकत राहणं आणि रजा

कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. तेवढ्यासाठी जाऊ नका. १९४४ साली स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचे सभासद व्हा, त्यांचं मासिक वाचा, जिल्ह्याच्या शाखेत तुमच्या अवघड केसेस मांडा. दोन-तीन सुपरस्पेशालिस्ट असे जोडा की ज्यांना रात्री ईसीजीचा फोटो पाठवला तर ते उत्तर देतील. त्यांच्याकडे पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते आठवड्याने फोन करून विचारा आणि आपल्या वहीत लिहा. कोणाला पाठवायला नको होतं, कोणाला दोन तास आधी पाठवायला हवं होतं, हे त्या वहीतून कळतं.

रजा घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ बंद, वर्षातून किमान एक मोठी रजा. जाण्याच्या आदल्या दिवशी अ‍ॅडमिट पेशंटची यादी करा: प्रत्येकाचं निदान, चालू औषधं, आणि 'असं झालं तर पाठवा' ही एक ओळ. ती घेऊन ज्यांच्याकडे सोपवताय त्या फिजिशियनसोबत खाटेखाटेवर एकदा राऊंड घ्या, पेशंटला त्यांची ओळख करून द्या, आणि त्यांचा नंबर काउंटरवर व बाहेरच्या फाटकावर लावून मग निघा.